पत्त्यांची यादी कुणाच्या मालकीची?

ऑनलाइन दुकानात वस्तू निवडून झाल्या की पैसे भरण्याआधी पत्त्याची चौकट समोर येते. ग्राहक तीत ‘सदाशि’ एवढेच टाइप करतो आणि खाली ओळी उलगडतात: पुण्याची सदाशिव पेठ, बेंगळुरूचे सदाशिवनगर, कारवारजवळचा सदाशिवगड. तो पहिल्या ओळीवर बोट टेकवतो. शहर, राज्य आणि जमल्यास पिनकोडही आपापल्या रकान्यात जाऊन बसतो. ग्राहकाच्या दृष्टीने काम संपले. दुकानदाराच्या दृष्टीने मात्र त्या अर्ध्या सेकंदात एकाने लिहिलेला प्रोग्राम चालला, दुसऱ्याने जमवलेली यादी चाळली गेली, तिसऱ्याच्या हिशेबात एक नोंद पडली आणि ग्राहक कुठे राहतो ही माहिती दुकानाबाहेर जाऊन आली. यातल्या प्रत्येक पायरीला वेगळ्या अटी आहेत आणि बहुतेक दुकानदार त्या न वाचताच ‘मान्य’वर टिचकी मारतात.

पत्ता सुचवणारा असा जोड-प्रोग्राम म्हणजे प्लगइन. दुकानांना ते का हवे असते, ते समजायला सोपे आहे. ऑनलाइन दुकानांच्या पैसे भरण्याच्या पानांचा वर्षानुवर्षे अभ्यास करणारी बेमार्ड इन्स्टिट्यूट नावाची एक डॅनिश संस्था आहे. तिने वेगवेगळ्या पाहण्यांची सरासरी काढली, तेव्हा दर दहा ग्राहकांपैकी जवळपास सात जण वस्तू निवडूनही पैसे न भरता निघून जातात असे दिसले. त्यात नुसते भाव बघायला आलेलेही असतात आणि डिलिव्हरीचा खर्च पाहून मागे फिरलेलेही. पण लांबलचक फॉर्म हे त्यातले एक ठळक कारण आहे आणि फॉर्ममधला सर्वात कंटाळवाणा भाग म्हणजे पत्ता. मोबाइलच्या छोट्या कीबोर्डवर तो भरताना हमखास चुका होतात.

चुकीचा पत्ता भारतात विशेष महाग पडतो. इथे अजूनही पुष्कळ माल घरी पोचल्यावर पैसे घेऊन दिला जातो. पत्ता सापडला नाही की कुरिअरवाला फोन करतो, फोन उचलला गेला नाही की पेटी परत फिरते आणि जाण्यायेण्याचे दोन्ही भाडे दुकानदाराच्या माथी बसते. एमआयटीशी संबंधित संशोधक शंतनू भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्पष्ट पत्त्यांमुळे भारताचे दर वर्षी १० ते १४ अब्ज डॉलरचे नुकसान होते असा अंदाज मांडला होता. तो तेव्हाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे अर्धा टक्का भरतो.

समजा, रत्नागिरीजवळचा एक बागायतदार स्वतःच्या संकेतस्थळावरून हापूसच्या पेट्या विकतो. त्याचा हंगाम मार्च अखेर ते मे एवढाच. पेटी परत आली तर आतला आंबा विकण्याजोगा राहत नाही. कपड्याच्या दुकानाला परत आलेला माल पुन्हा कपाटात ठेवता येतो, याला येत नाही. अशा माणसाला पत्ता सुचवणाऱ्या प्लगइनची गरज खरी आहे. प्रश्न एवढाच की पैसे मोजून त्याच्या हाती नेमके काय येते.

लहान दुकानांमध्ये वूकॉमर्स या ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या प्रोग्रामचे चलन मोठे आहे. वूकॉमर्स २०११ मध्ये आले, २०१५ मध्ये ऑटोमॅटिक कंपनीने ते विकत घेतले. ते वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर चालते आणि वर्डप्रेस जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. त्यामुळे त्यावर चालणारी बहुसंख्य प्लगइनेही त्याच परवान्याने दिली जातात. म्हणजे प्लगइनचा कोड एकदा हाती आला की तो वाचायला, बदलायला, दुसऱ्याला द्यायलाही मुभा असते. मग विक्रेता दर वर्षी पैसे कसले घेतो? नव्या आवृत्त्यांचे आणि अडचण आली तर मिळणाऱ्या मदतीचे. त्यासाठी तो एक किल्ली देतो आणि ती एका संकेतस्थळावर चालेल, पाचांवर की पंचवीसांवर हे ठरवून देतो. वर्ष उलटल्यावर नूतनीकरण केले नाही तर प्लगइन सहसा चालू राहते, मात्र नवी आवृत्ती मिळत नाही. कोडकॅनियनसारख्या बाजारात रीत थोडी वेगळी आहे. तिथे नेहमीचा परवाना एकाच संकेतस्थळापुरता असतो आणि मदत सहा महिन्यांची मिळते.

नव्या आवृत्तीसाठी पैसे मोजणे अनेकांना उधळपट्टी वाटते. इथे एक अलीकडचे उदाहरण बोलके आहे. पत्ता सुचवणारी बरीचशी प्लगइने गुगलच्या सेवेवर चालतात. १ मार्च २०२५ पासून गुगलने आपला जुना ऑटोकम्प्लीट घटक नव्या ग्राहकांना देणे थांबवले आणि त्याच्या जागी नवा घटक वापरायला सांगितले. ज्यांचे खाते आधीचे होते त्यांचे काम चालू राहिले. पण ज्याने त्यानंतर नवे खाते उघडले आणि कुठूनतरी मिळवलेले जुने प्लगइन बसवले, त्याच्या पानावर चौकट दिसते, सूचना मात्र येत नाहीत. नूतनीकरणाच्या पैशांत दुकानदाराला हीच दुरुस्ती मिळते.

फुकटात मिळणाऱ्या ‘नल्ड’ प्रतींचा मोह तर मुळीच धरू नये. या विकाऊ प्लगइनमधली किल्लीची तपासणी काढून टाकलेल्या प्रती असतात. जीपीएलमुळे कोड वाटणे कायद्याने चालून जाईलही, पण वाटणाऱ्याने त्यात काय भरले आहे हे कोण सांगणार? २०१९ मध्ये वर्डफेन्स या सुरक्षा कंपनीने डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाच्या घातक प्रोग्रामची साखळी उघड केली. तो अशाच नल्ड थीम आणि प्लगइनमधून पसरत होता. जिथे ग्राहकाचे नाव, फोन आणि पत्ता टाइप होतो नेमक्या त्या पानावर असे काही बसवणे म्हणजे ग्राहकांचा विश्वासघात आहे.

एवढे करून हाती आले ते फक्त प्लगइन. नळ विकत आणला म्हणून पाणी येत नाही, तशी पत्त्यांची यादी प्लगइनबरोबर येत नाही. ती दुसऱ्याची असते आणि तिला मीटर असतो.

मीटर कसा फिरतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. ग्राहक एकेक अक्षर दाबतो तशी प्रत्येक अक्षराला एक विनंती यादीवाल्याकडे जाऊ शकते. ‘सदाशिव पेठ’ रोमन लिपीत लिहायला बारा अक्षरे आणि मधली एक जागा लागते. म्हणजे प्लगइन बेफिकिरीने लिहिलेले असेल तर एका पत्त्यासाठी तेरा विनंत्या. चांगले प्लगइन पहिली तीन अक्षरे होईपर्यंत गप्प बसते, पुढेही बोट जरा थांबले की मगच विचारते. शिवाय ग्राहकाच्या या सगळ्या चाचपण्या एका सत्रात बांधणारे टोकन ते विनंतीबरोबर पाठवते. पहिल्या अक्षरापासून ग्राहक एक ओळ निवडेपर्यंतचा सगळा व्यवहार गुगल मग एक सत्र म्हणून धरतो. टोकन नसेल तर प्रत्येक अक्षराचा हिशेब वेगळा. विकत घेण्याआधी विक्रेत्याला ‘सेशन टोकन वापरता का?’ एवढे विचारले तरी प्लगइनची बरीच परीक्षा होते.

दुसरा खर्च निवडीनंतरचा. ओळ निवडली की प्लगइन त्या ठिकाणाचा तपशील मागवते आणि गुगल मागाल तेवढ्याचे दर लावतो. पत्त्याचे घटक आणि अक्षांश-रेखांश एवढेच मागवले तर दर कमी, फोन नंबर आणि लोकांनी दिलेले तारेही मागवले तर जास्त. आंब्याची पेटी पोचवायला तारे लागत नाहीत. तरी काही प्लगइने आळसाने सगळेच मागवतात आणि बिल दुकानदाराच्या कार्डावर पडते.

हे दर कायमचेही नसतात. २०१८ च्या जुलैत गुगलने नकाशांची आकारणी बदलली, प्रत्येकाला कार्ड जोडलेले खाते सक्तीचे केले आणि दर महिन्याला २०० डॉलरची सूट दिली. २०२५ च्या मार्चमध्ये ती एकरकमी सूट गेली आणि प्रत्येक सेवेला महिन्याची वेगळी फुकट मर्यादा आली. मधल्या काळात, २०२४ च्या जुलैत, ओलाने स्वतःचे नकाशे सुरू करून विकासकांना वर्षभर फुकट देऊ केले. पुढच्याच महिन्यात, १ ऑगस्टपासून, गुगलने भारतातले दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवले आणि बिल रुपयांत देण्याची सोय केली. मॅपमायइंडिया तर १९९५ पासून भारताचे नकाशे करते आहे आणि तीही पत्ता सुचवण्याची सेवा विकते. स्पर्धेचा फायदा छोट्या दुकानदाराला झाला हे उघड आहे. त्याने तो टिकवायचा असेल तर एकाच यादीवाल्याला बांधलेले प्लगइन घेऊ नये, यादी बदलण्याची सोय असलेले घ्यावे.

बागायतदारासारख्या हंगामी दुकानाला तर वर्षभराच्या ठोक योजनेपेक्षा वापरावर आकारणी परवडते. दहा महिने मीटर जवळजवळ थांबलेला असतो आणि हंगामातल्या विनंत्या फुकट मर्यादेत मावल्या तर बिलच येत नाही.

मीटरच्या हिशेबासाठी यादीवालाही एक वेगळी किल्ली देतो, एपीआयची. तिची राखण मात्र स्वतःलाच करावी लागते. ब्राउझरमध्ये चालणारी ही किल्ली लपवता येत नाही. पानाचा कोड उघडून कोणीही ती वाचू शकतो आणि आपल्या कामाला लावू शकतो. म्हणून खात्यात जाऊन ती फक्त आपल्या संकेतस्थळावरूनच चालेल असे बंधन घालायचे, दिवसाला कमाल किती विनंत्या याची मर्यादा लावायची आणि ठरावीक रकमेला इशारा येईल अशी सोय करायची. मर्यादा ओलांडली तर सूचना बंद पडतात, पण ग्राहकाला पत्ता हाताने लिहिता येतो. निदान यायलाच पाहिजे. सूचना निवडल्याशिवाय पुढे जाऊच न देणारे प्लगइन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

गुगलच्या अटींत आणखी एक गोष्ट बारीक अक्षरात असते. त्याच्याकडून आलेली माहिती साठवून स्वतःची यादी तयार करायला मनाई आहे. ठिकाणाचा ओळख क्रमांक कितीही काळ ठेवता येतो, अक्षांश-रेखांश मात्र ३० दिवसांपर्यंतच. नकाशा न दाखवता नुसत्या सूचना दाखवल्या तर गुगलचे नाव दिसले पाहिजे, अशीही अट आहे. ग्राहकाने पाहून पक्का केलेला पत्ता ऑर्डरीवर राहणारच, नाहीतर पेटी पाठवणार कुठे? पण वर्षभरात सुचवली गेलेली सगळी ठिकाणे गोळा करून दुसऱ्याला विकणे किंवा त्यांवर स्वतःची सेवा उभारणे हा अटींचा भंग होतो.

मूळ प्रश्न इथेच उभा राहतो. सदाशिव पेठ गुगलने वसवली नाही. घरांना क्रमांक पालिकेने दिले, पिनकोड टपाल खात्याने दिला, इमारतीचे नाव राहणाऱ्यांनी ठेवले. सगळ्यांनी मिळून घडवलेल्या या माहितीची यादी मग कुणाची?

ब्रिटनने या प्रश्नाचे जे उत्तर दिले त्याची किंमत तिथले लोक अजून मोजताहेत. तिथला पोस्टकोड १९५९ मध्ये नॉरिच शहरात प्रयोग म्हणून सुरू झाला. अर्नेस्ट मार्पल्स हे तेव्हा टपालमंत्री होते. पुढे रॉयल मेलने देशातल्या सगळ्या टपाली पत्त्यांची यादी केली. ती ‘पोस्टकोड ॲड्रेस फाइल’ या नावाने ओळखली जाते आणि ती वापरायला परवाना लागतो. ब्रिटिश दुकानाच्या चौकटीत पोस्टकोड टाकला की रस्त्यावरची सगळी घरे क्रमवार उघडतात, ती या यादीमुळे. सोय अप्रतिम आहे, पण मीटरवरची. २००९ मध्ये दोन तरुण विकासकांनी पोस्टकोडवरून ठिकाण सांगणारी एक फुकट सेवा चालवली होती आणि तिला त्याच मार्पल्स यांचे नाव दिले होते. नोकऱ्या शोधून देणारी, इमारतींच्या परवानग्यांची माहिती देणारी लोकोपयोगी संकेतस्थळे तिच्यावर चालत. रॉयल मेलकडून कायदेशीर पत्र आले आणि ती बंद पडली. २०१३ मध्ये रॉयल मेलचे खासगीकरण झाले तेव्हा ही यादीही तिच्याबरोबर गेली. ते चुकले, असा स्पष्ट निर्वाळा पुढच्याच वर्षी संसदेच्या समितीने दिला.

डेन्मार्कने उलट वाट धरली. २००२ मध्ये तिथल्या सरकारने पत्त्यांची अधिकृत माहिती सर्वांना खुली केली. नंतर हिशेब मांडला तेव्हा २००५ ते २००९ या पाच वर्षांत समाजाला सुमारे ६.२ कोटी युरोंचा थेट फायदा झाला आणि खर्च २० लाखांच्या आसपास आला, असे निघाले. पत्ता सुचवणारी सेवाही सरकारनेच चालवली, तीही फुकट. फ्रान्सनेही राष्ट्रीय पत्ता-यादी खुली केली आणि टाइप करता करता पत्ते सुचवणारी सेवा सर्वांना वापरू दिली. ऑस्ट्रेलियाने आपली यादी २०१६ च्या फेब्रुवारीत मोकळी केली. या देशांतल्या लहान दुकानदाराला प्लगइनचे पैसे पडले तरी पत्त्यांचे पडायचे कारण उरत नाही.

यादी लोकांनीच करायची असाही एक मार्ग आहे. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा स्वयंसेवकांनी भरला आहे. श्रेय द्या आणि यादीत भर घालून ती पुढे दिली तर तीही खुलीच ठेवा, एवढीच त्याच्या परवान्याची मागणी आहे. मात्र नॉमिनाटिम या त्याच्या सार्वजनिक शोधसेवेवर टाइप करता करता सूचना मागवायला मनाई आहे आणि सेकंदाला एकापेक्षा जास्त विनंती करता येत नाही. ती देणग्यांवर चालणाऱ्या सर्व्हरवर उभी आहे, म्हणून. दुकानाला ही यादी हवी असेल तर फोटॉनसारखा मुक्त प्रोग्राम आपल्या सर्व्हरवर बसवावा लागतो. शहरातले रस्ते त्यात बऱ्यापैकी असतात, घरांचे क्रमांक भारतात फारच विरळ.

भारताचा पाया मात्र टपाल खात्याने पूर्वीच घालून ठेवला आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात होते आणि संस्कृतमध्ये कविता व नाटके लिहीत. एकाच नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, वाचता न येणारे अक्षर, या सगळ्यांवर त्यांनी सहा अंकांचा तोडगा काढला. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र आणि गोवा ४ मध्ये येतात, ९ लष्करी टपालासाठी राखलेला आहे. पहिल्या तीन अंकांनी टपाल वाटणीचा जिल्हा कळतो, शेवटच्या तिनांनी टपाल कार्यालय. हा जिल्हा टपालाचा, महसुलाचा नव्हे. साताऱ्याचा पिनकोड ४१५ ने सुरू होतो आणि रत्नागिरीचाही. पहिले तीन अंक पाहून जिल्हा भरणारे प्लगइन इथेच चुकते. सहाही अंक पाहिले तर गफलत पुष्कळ कमी होते.

सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर देशभरच्या पिनकोडांची यादी टपाल कार्यालय, जिल्हा आणि राज्य यांच्यासह मिळते. व्यापारी वापरालाही परवानगी आहे, माहिती कुठून घेतली ते नमूद करावे लागते. तेव्हा छोट्या दुकानाने पहिले पाऊल इथेच टाकावे. पत्त्याच्या सुरुवातीलाच पिनकोड विचारावा आणि सहा अंक पडताच जिल्हा व राज्य स्वतः भरून द्यावे. एका पिनकोडात अनेक टपाल कार्यालये असतील तर त्यांची यादी दाखवावी. याला कुणाचा मीटर लागत नाही आणि ग्राहक काय टाइप करतो ते बाहेर जात नाही. ग्राहकाच्या ब्राउझरने आधीच जपून ठेवलेला पत्ताही फुकटात भरता येतो, फक्त फॉर्मच्या रकान्यांना योग्य खुणा लावलेल्या हव्यात. हे दोन्ही करून झाल्यावरही चुका उरल्या, तर प्लगइनचा विचार करावा. विक्रेते हा क्रम सांगणार नाहीत, पण तोच शहाणपणाचा आहे.

प्लगइन बसवल्यावरही त्याला महाराष्ट्राचा पत्ता शिकवावा लागतो. गुगल पत्त्याचे तुकडे करून देतो: इमारत, उपनगर, शहर, राज्य, पिनकोड. दुकानाच्या फॉर्मचे रकाने वेगळे असतात आणि कोणता तुकडा कुठे टाकायचा हे प्लगइनमध्ये ठरवून द्यावे लागते. ग्राहकाने ‘कोथरूड, पुणे’ एवढीच ओळ निवडली तर पिनकोड येईलच असे नाही, कारण एका उपनगरात एकापेक्षा जास्त पिनकोड असू शकतात. तिथे रकाना रिकामा सोडून ग्राहकाला विचारणे हेच बरोबर. काही प्लगइने आधीच्या निवडीचा पिनकोड तसाच राहू देतात. मग कोथरूडची पेटी भलत्याच टपाल कार्यालयाच्या हद्दीत जाते.

राज्यांच्या संकेतांचाही असाच घोटाळा होतो. ओडिशाचा आंतरराष्ट्रीय संकेत २०२३ मध्ये ‘ओआर’चा ‘ओडी’ झाला, तेलंगणचा ‘टीजी’चा ‘टीएस’. यादीवाला एक संकेत पाठवतो, दुकान दुसरा ओळखते आणि राज्याचा रकाना कोराच राहतो. आपल्याकडे शहरांची नावे बदलली. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, २०२४ मध्ये अहिल्यानगर. ग्राहक नवे नाव टाइप करतो, कुरिअरच्या यादीत जुने असते, किंवा याच्या उलट. दोन्ही नावे एकाच पिनकोडला बांधून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. भाषेचेही बघावे लागते. ग्राहकाचा फोन मराठीत असेल तर सूचनाही देवनागरीत येऊ शकतात. ते स्वागतार्हच आहे, पण कुरिअरचे लेबल छापणाऱ्या यंत्रणेला देवनागरी झेपत नसेल तर पेटीवर चौकोन उमटतात. दुकानदाराने स्वतःच्या नावाने एक मराठी ऑर्डर टाकून ते लेबल छापून पाहावेच.

खरा पेच गावाकडचा आहे. ‘मु. पो.’ने सुरू होणाऱ्या पत्त्यात रस्ता नसतो, घराला क्रमांक नसतो. कोकणात गावाच्या वाड्या असतात आणि मधलीवाडी, भंडारवाडी, ब्राह्मणवाडी ही नावे गावोगाव तीच. ‘वरच्या वाडीत, ग्रामदेवतेच्या देवळामागे, अमक्याच्या भावाचे घर’ हा पत्ता डिलिव्हरी करणाऱ्याला नेमका कळतो, यादीत मात्र सापडत नाही. सूचना फक्त तालुक्याच्या गावापर्यंत नेऊन सोडते. शहरातही फ्लॅट क्रमांक, विंग, मजला, मागचे गेट हे कोणतीच यादी सांगत नाही. म्हणून सूचनेच्या चौकटीखाली दोन रकाने मोकळे हवेत, एक घर वा फ्लॅटसाठी, दुसरा जवळच्या खुणेसाठी. ग्राहकाने तिथे लिहिलेले एक अक्षरही प्लगइनने पुसता कामा नये. काही प्लगइने ओळ निवडताच आधी लिहिलेला फ्लॅट क्रमांक उडवून लावतात, ग्राहकाच्या ते लक्षात येत नाही आणि मग वीस मजल्यांच्या इमारतीखाली कुरिअरवाला फोन लावत उभा राहतो.

ज्यांचा पत्ता कुठल्याच यादीत नाही, त्यांचा विचार दुकानांनी सोडून देणे बरे नव्हे. पुण्याच्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने महाराष्ट्रातल्या वस्त्यांमधल्या घरांना गुगलच्या प्लस कोडचे पत्ते दिले. प्लस कोड अक्षांश-रेखांशावरून बनतो, त्याला रस्ता लागत नाही आणि त्याची पद्धत खुल्या परवान्याची आहे. व्हॉट३वर्ड्स ही ब्रिटिश कंपनी तीन मीटरच्या चौकोनाला तीन शब्द देते, मराठीतही देते, पण तिची पद्धत कंपनीच्या मालकीची आहे. दुकानासाठी निवड करताना हा फरक मोलाचा आहे.

टपाल खात्याने २७ मे २०२५ रोजी डिजिपिन आणले. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राबरोबर ते तयार झाले. सगळ्या देशावर जाळे टाकून सुमारे चार मीटर बाजूच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला आहे. त्यासाठी सोळाच चिन्हे वापरली आहेत. संकेतावरून अक्षांश-रेखांश काढण्याचा कोड खुला आहे, म्हणजे कोणतेही दुकान तो परवान्याचे पैसे न भरता आपल्या पानावर बसवू शकते. वाडीतल्या ग्राहकाने अंगणात उभे राहून फोनवर आपला डिजिपिन काढला आणि रकान्यात टाकला तर पेटी थेट अंगणाशी पोचू शकते. चौकोनावर कोणाचे घर आहे, कितव्या मजल्यावर आहे, हे डिजिपिन सांगत नाही. त्यासाठी टपाल खात्याने ‘ध्रुव’ या नावाची योजना मांडली आहे. पत्ता ज्याचा, त्याच्या संमतीने तो दुसऱ्याला कळवण्याची ती व्यवस्था आहे.

संमतीचा मुद्दा प्लगइनलाही लागू आहे. ग्राहकाने ‘सदाशि’ टाइप केले ते खरेदी पक्की होण्याआधीच यादीवाल्याच्या सर्व्हरवर पोचलेले असते. ग्राहकाने विचार बदलला, पान बंद केले, तरी विनंती गेलेली असते. २०२३ च्या व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या कायद्याला कोणती माहिती, कशासाठी घेतो हे ग्राहकाला सांगितलेले हवे आहे. ‘पत्ता सुचवण्यासाठी तुम्ही टाइप केलेली अक्षरे अमुक सेवेकडे जातात’ असे एक वाक्य चौकटीखाली मराठीत लिहायला जागा फारशी लागत नाही. मोबाइल नंबर आणि ओटीपी दिला की दुसऱ्याच दुकानात पूर्वी दिलेला पत्ता समोर आणणाऱ्या सेवा आता भारतात रुळल्या आहेत. त्या विलक्षण सोयीच्या आहेत, पण आपला पत्ता एवढ्या दुकानांत फिरतो आहे हे ग्राहकाला त्याच क्षणी कळायला हवे.

बागायतदाराने परवाना घेण्याआधी गेल्या हंगामात परत आलेल्या पेट्यांचे पत्ते काढून बसावे. ते एकेक करून विक्रेत्याच्या चाचणी-पानावर टाकावेत: कोथरूडचा, डोंबिवलीचा, बेंगळुरूचा, चिपळूणजवळच्या वाडीचा. पिनकोड बरोबर आला का, फ्लॅट क्रमांक टिकला का, सूचना नाकारून हाताने लिहिता आले का, हे पाहावे. नुसत्या पिनकोडाच्या यादीने यांतले कितीसे पत्ते सावरले असते तेही मोजावे. अर्ध्याहून अधिक सावरत असतील तर या हंगामात प्लगइनचे पैसे वाचवून त्याने तेच आधी करावे.